बेटांभोवतीच्या खोल समुद्रतळावरचा काळा थर कसा वाचायचा

फिकट करड्या गाळात बोटभर जाडीची काळी पट्टी दिसली, की हात आपोआप वहीत ‘राख’ लिहायला जातो. जवळ ज्वालामुखीचं बेट आहे, पट्टी काळी आहे, मग आणखी काय असणार? बरंच काही असू शकतं. उद्रेकाच्या दिवशी आभाळातून पडलेली राख, उद्रेकानंतर कितीतरी हजार वर्षांनी किनाऱ्यावरून घसरत आलेली वाळू, बेटाची अख्खी कूस कोसळल्यावर पसरलेला राडारोडा, किंवा ड्रिलिंग चालू असताना भोकात वरून पडलेला कचरा. फोटोत चारही बऱ्याचदा सारखेच दिसतात. निष्कर्ष मात्र चार दिशांना जातात. पहिल्यावरून उद्रेकाचं वय काढता येतं, दुसऱ्यावरून थेट येत नाही, तिसऱ्यापासून त्सुनामीचा हिशेब सुरू होतो आणि चौथ्यावरून काहीच निघत नाही. म्हणून थर कसा आला ते आधी ठरवायचं, नाव मागाहून द्यायचं.

हे मार्गदर्शन मुख्यतः भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण चिकाटी असलेल्या हौशी माणसालाही यातलं बरंचसं जमेल. पुण्यात समुद्र नाही आणि जहाजही नाही, त्याने फारसं अडत नाही. खोल समुद्रातल्या ड्रिलिंगमध्ये नळीतून काढलेल्या गाळाच्या कांड्यांचे, म्हणजे कोअरचे फोटो, वर्णनं आणि मोजमापं आंतरराष्ट्रीय प्रकल्पांनी सगळ्यांना मोफत खुली ठेवली आहेत. काळ्या दगडाची तर आपल्याकडे ददातच नाही. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्णबिंदूवर (पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येत राहतं अशा जागी) ओतला गेला असं मानतात, त्यावरूनच पुढे भारतीय भूपट्ट उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोसची रांग उभी राहिली. आज त्याच जागी रियुनियन बेट आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून धगधगतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या क्रशरवरची क्रश सँड (बेसाल्ट फोडून केलेली वाळू) आणि रियुनियनच्या उतारावरून समुद्रात जाणारी वाळू यांचं रसायन तंतोतंत जुळत नाही, पण भाऊबंदकीतलं आहे. पुढे ही क्रश सँड कामाला येणार आहे.

पायरी १ : कोअरच्या आधी बेटाचा नकाशा

थेट फोटो उघडू नका. आधी बेट आणि कोअरची जागा यांच्यामधला उभा छेद काढा. समुद्रतळाच्या खोलीची गेब्को ही माहिती मोफत मिळते आणि जिओमॅपॲपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन बिंदू जोडले की छेद लगेच तयार होतो.

या छेदात तीन गोष्टी बघायच्या. किनाऱ्यालगतचा उभा उतार, त्यानंतर बेटाभोवती पसरलेला सौम्य उताराचा घेर, आणि मग सपाट तळ. समुद्रातल्या ज्वालामुखी बेटाचा पाण्यावर दिसणारा भाग म्हणजे नुसतं टोक असतं. उरलेलं सगळं पाण्याखाली, आणि त्याच्याही भोवती त्यातूनच झिजून, फुटून, घसरून आलेल्या गाळाचा हा घेर दहादहा, शंभरशंभर किलोमीटर पसरलेला. उभ्या उतारावर फुटकी काच आणि उशीच्या आकाराच्या लाव्हाचे तुकडे मिळतात, घेरावर वाळूचे प्रवाही थर आणि सपाट तळावर बारीक चिखल, अधूनमधून राखेची पातळ रेघ.

घेरावर एकटेच उभे डोंगर दिसले तर तिथे थांबा. हवाईतल्या ओआहू बेटाच्या ईशान्येला टस्कलूसा नावाचा समुद्राखालचा डोंगर आहे, सुमारे ३० किलोमीटर लांब आणि १७ रुंद. हा स्वतंत्र ज्वालामुखी नाही. कूलाऊ ज्वालामुखीची कूस कोसळली तेव्हा निखळून आलेला तो एक तुकडा आहे. १९८० च्या दशकात सोनारने हवाईभोवतीचा तळ पिंजून काढला तेव्हा या कोसळण्यांचा आवाका लक्षात आला.

नकाशावर वाऱ्याची दिशाही लिहून ठेवा, पण जमिनीलगतच्या वाऱ्यावर विसंबू नका. अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवर खालचा व्यापारी वारा ईशान्येकडून वाहतो. मोठ्या उद्रेकाचा स्तंभ मात्र त्याच्या कितीतरी वर पश्चिमी वाऱ्यांत शिरतो आणि राख बरोबर उलट्या बाजूला, पूर्वेकडे जाते.

पायरी २ : कोअरवरची पाटी आणि ड्रिलिंगची खोडी

सरावासाठी मी कॅनरी बेटांतल्या ग्रान कनारियाभोवतीचे कोअर सुचवेन. १९९४ मध्ये सागरी ड्रिलिंगची १५७ वी सफर तिथे गेली होती. बेटाभोवती ९५३ ते ९५६ या जागा आणि दूर मदेराच्या सपाट खोल मैदानात ९५० ते ९५२, म्हणजे बेटाजवळचं आणि बेटापासून लांबचं, दोन्ही एकाच सफरीत मिळतं. ९५३ क्रमांकाच्या जागी पाणीच साडेतीन हजार मीटरहून खोल आहे आणि त्याखाली भोक हजार मीटरच्या पलीकडे गेलं.

पाटी अशी असते: १५७-९५३ए-१२एच-३, ४५-६०. सफर, जागा, त्या जागेवरचं भोक, कोअरचा क्रमांक, कोअर काढण्याची पद्धत, विभाग (कोअर कापून केलेला तुकडा), आणि विभागाच्या माथ्यापासूनचे सेंटीमीटर. यातलं ‘एच’ हे अक्षर महत्त्वाचं. म्हणजे नळी दाबाने एका झटक्यात गाळात घुसवली आहे आणि थर शाबूत असण्याची शक्यता जास्त. ‘एक्स’ किंवा ‘आर’ असेल तर फिरत्या पात्याने कापलं आहे. त्यात थरांच्या चकत्या होतात, मधे चिखल घुसतो आणि तो चिखलच स्वतंत्र थर वाटायला लागतो.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. प्रत्येक कोअरच्या अगदी माथ्यावर, पहिल्या विभागाच्या वरच्या टोकाला भरड काळी वाळू दिसली, तर ती संशयित धरा. भोकाच्या भिंतींतून सुटी वाळू तळाशी पडते आणि पुढची नळी घुसली की ती नव्या कोअरच्या डोक्यावर येऊन बसते. ज्वालामुखी बेटांजवळ तर वरच्या थरांतच सुटी वाळू इतकी असते की हे हमखास घडतं. ओळख सोपी आहे: वेगवेगळ्या जातीचे खडे एकत्र, रचना काही नाही, आणि लागोपाठच्या कोअरच्या माथ्यावर तीच मिसळ. उलट बाजूला, कोअरच्या बुडाशी उभ्या रेघा दिसल्या तर नळी वर ओढताना गाळ आत शोषला गेला आहे. दोन्ही भाग वहीतून सरळ बाद करा. मन धजत नाही, कारण बऱ्याचदा त्या भागातली वाळूच सगळ्यात देखणी असते.

थरांच्या कडा नळीच्या भिंतीलगत खाली वाकलेल्या असतात, तोही घर्षणाचा परिणाम. सीमा वाचायची ती कोअरच्या मधल्या पट्ट्यात.

पायरी ३ : माशांच्या टाकीत समुद्रतळ

हा प्रयोग कोणी टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तकातल्या आकृत्या दहा वेळा पाहून जे डोक्यात शिरत नाही ते टाकीत एका संध्याकाळी शिरतं.

जुनी तीन फुटी काचेची टाकी घ्या. नवी घेऊ नका, क्रश सँडने काचेवर चरे पडतात. क्रश सँड कोणत्याही बांधकामावर मूठभर मागितली तर मिळते. ती मैद्याच्या चाळणीने चाळा, चाळताना तोंडाला मास्क लावा आणि चाळणीखालची बारीक पूड फेकू नका. तळाला पांढऱ्या रांगोळीचा बोटभर थर द्या. खोल समुद्रातला चुनखडीचा फिकट गाळ म्हणून तो चालतो. टाकीच्या एका टोकाला ॲक्रिलिकची पट्टी तिरपी लावून उतार करा, साधारण १० ते १५ अंशांचा, आणि बाकी तळ सपाट ठेवा. पाणी अगदी हळू, ताटलीवरून ओघळू देत भरा, नाहीतर रांगोळी उडते. मग रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी टाकी पुठ्ठ्याने मधोमध दोन भागांत विभागा. उताराकडच्या भागात अर्धा लिटर चाळलेली वाळू आणि लिटर-दीड लिटर पाणी बादलीत घुसळून ते मिश्रण उताराच्या माथ्यावर एकदम ओता. पावसाळ्यात सिंहगडाच्या कड्यावरून ढग खाली उतरतो तसा हा गढूळ लोट उतरतो: पुढे फुगीर डोकं, मागे पातळ होत जाणारं अंग, आणि डोक्याच्या खालच्या कडेला रांगोळी उचलली जाताना स्पष्ट दिसते. दुसऱ्या भागात तीच वाळू आणि पूड चाळणीतून पाण्यावर भुरभुरवा. आधी अगदी सावकाश, मग एकदम भराभर.

भराभर टाकताना टॉर्चचा उजेड बाजूने मारून बघा. कण एकेकटे खाली येत नाहीत. पृष्ठभागापाशी गढूळ पाण्याचा जाड पापुद्रा तयार होतो, तो जड होतो आणि त्यातून बोटांसारखे लोंबते प्रवाह सुटून खाली झेपावतात. खऱ्या समुद्रातही हेच होतं, आणि त्याशिवाय पुढचा हिशेब जुळत नाही.

हिशेब असा. एकेकटा कण स्थिर पाण्यात किती वेगाने पडेल ते स्टोक्सच्या सूत्राने काढता येतं. थंड खारं पाणी आणि काचेची घनता २.४ च्या आसपास धरली तर ६३ मायक्रॉनचा कण ४,००० मीटर खाली जायला ढोबळमानाने तीन आठवडे घेतो, ३० मायक्रॉनचा शंभरेक दिवस आणि १० मायक्रॉनचा अडीच वर्षं. इतक्या काळात समुद्री प्रवाह त्याला कुठच्या कुठे नेतील. पण १९९१ मध्ये पिनाटुबोची राख दक्षिण चिनी समुद्रात पडली तेव्हा ती खोल पाण्यातल्या गाळ-सापळ्यांत काही दिवसांतच पोचली होती. एकेकट्या कणांना ते शक्य नाही, लोंबत्या प्रवाहांना आहे. म्हणून बारीक राखेचाही स्वच्छ, सलग थर मिळू शकतो.

दोन्ही भागांतलं पाणी निवळलं की सलाइनच्या नळीने थेंबथेंब काढा. मग पारदर्शक प्लास्टिकची नळी गाळात सरळ दाबून, वरच्या तोंडावर अंगठा घट्ट धरून बाहेर ओढा. हा तुमचा कोअर. दोन नळ्या शेजारी ठेवून भिंगाखाली बघा. दोन्हींत काळा थर खाली भरड, वर बारीक. म्हणजे ‘वर बारीक होत जातो’ या एका खुणेवर काहीच ठरत नाही, आणि नेमकी हीच खूण सगळ्यात आधी लिहिली जाते. फरक बुडाशी आहे. प्रवाहाच्या नळीत सीमा खरवडलेली, वरखाली झालेली, आणि काळ्या वाळूत रांगोळीचे पांढरे ठिपके मिसळलेले. भुरभुरवलेल्या नळीत सीमा सरळ आणि काळ्यात पांढरं जवळजवळ नाहीच.

पायरी ४ : आता खरा फोटो

मोठा करून बघा आणि बुडापासून वर वाचत या.

बुडाची सीमा धारदार आहे की नाही हा पहिला प्रश्न नाही, कारण राख असो की प्रवाह, ती धारदारच असते. ती खरवडलेली आहे का, हा खरा प्रश्न. मग आत पातळ आडव्या किंवा तिरप्या रेषा आहेत का ते बघा. रेषा म्हणजे तळालगत पाणी वाहत होतं. आर्नल्ड बोमा यांनी १९६२ मध्ये अशा प्रवाही थरांचा खालून वरचा क्रम मांडला: भरड वाळू, समांतर रेषा, तिरप्या लहरी, पुन्हा बारीक रेषा, शेवटी चिखल. पूर्ण क्रम एकाच थरात क्वचित मिळतो. बेटापासून लांब गेलं की खालचे भाग गळत जातात आणि फक्त वरचे उरतात, त्यामुळे तुकड्यावरून क्रम ओळखायची सवय लावून घ्या.

वरची सीमा वेगळी गोष्ट सांगते. तळावरचे किडे, अळ्या बिळं करून गाळ खालीवर करतात. त्यामुळे आभाळातून पडलेल्या राखेची वरची कड पुसट, ठिपक्याठिपक्यांची होते. ही उलथापालथ वरच्या दहाएक सेंटीमीटरपर्यंत चालते, म्हणून सेंटीमीटरभर जाडीचा राखेचा थर पुष्कळदा पूर्ण विस्कटतो आणि डोळ्यांना दिसतच नाही. दिसले तेवढेच उद्रेक झाले असं म्हणायचं नाही, ते यामुळे.

थराच्या वरचा चिखल प्रवाहाचा आहे की नेहमीच्या संथ साचण्यातला, हे ओळखणं वयासाठी गरजेचं आहे. प्रवाहाचा चिखल एकसंध, एकरंगी, बिळं फक्त माथ्याशी. संथ साचलेला चिखल चट्ट्यापट्ट्यांचा, त्यात फोरॅमिनिफेराचे (चुन्याच्या कवचाच्या सूक्ष्म समुद्री जीवांचे) पांढरे ठिपके विखुरलेले. खोलीचाही उपयोग होतो. ठरावीक खोलीच्या खाली चुन्याची कवचं विरघळतात; अटलांटिकमध्ये ही पातळी साधारण पाच हजार मीटरच्या आसपास, पॅसिफिकमध्ये त्याहून वर. तिच्या खालच्या कोअरमध्ये ताजी चुन्याची कवचं भरपूर दिसली, तर ती वरून प्रवाहाबरोबर आली आणि विरघळायच्या आत गाडली गेली.

मदेराच्या मैदानाचे कोअर यासाठी फार छान आहेत. तिथे तीन घरचे प्रवाह येतात: आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सेंद्रिय द्रव्याने भरलेले हिरवट, समुद्राखालच्या डोंगरांवरून चुन्याचे पांढरे आणि कॅनरी-मदेरा बेटांवरून ज्वालामुखीचे करडे-काळे. रंगावरून घर ओळखायला तासाभरात जमतं.

इथे एक गुंता मुद्दाम सांगायला हवा, नाहीतर वरचे नियम सूत्रासारखे वापरले जातील. प्रवाहाने आलेला थर म्हणजे जुनीच वाळू, असं नेहमी नसतं. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ हुंगा ज्वालामुखी फुटला. स्तंभ ५७ किलोमीटरच्या आसपास चढला आणि त्यातला प्रचंड माल थेट समुद्रात कोसळून तळालगत लोट निघाले. त्यांचा वेग ताशी १२२ किलोमीटरपर्यंत होता, ते शंभर किलोमीटरहून लांब गेले आणि त्यांनी समुद्राखालच्या केबल तोडल्या. हा थर वाहत आलेला आहे आणि उद्रेकाच्या दिवशीचाच आहे. कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर १९९५ पासूनच्या उद्रेकात बाहेर पडलेला बहुतांश मालही असाच तापलेल्या लोटांच्या रूपाने समुद्रात गेला. तेव्हा वहीत दोन वेगळे प्रश्न लिहायचे: कसा आला, आणि उद्रेकानंतर किती काळाने आला. दुसऱ्याचं उत्तर फोटोत नसतं, ते कणांत असतं. सगळे काचकण एकाच रसायनाचे, कडा तीक्ष्ण, किनाऱ्यावरचे शिंपले नाहीत, तर थर उद्रेकाशी थेट जोडलेला. काच चार प्रकारची, कडा घासलेल्या, प्रवाळाचे तुकडे सोबत, तर किनाऱ्यावर बराच काळ साठून मग घसरलेला.

कूस कोसळण्याबद्दलही घाई नको. २०१२ मध्ये माँटसेराटजवळ ड्रिलिंग झालं तेव्हा सोनारच्या चित्रात ज्वालामुखीचा राडारोडा वाटलेल्या भागांतून बराचसा निघाला तो दुमडलेला, चुरगळलेला साधा समुद्री गाळ. वरून आलेल्या वजनाखाली तळच सरकला होता. ज्वालामुखीचा किती भाग पाण्यात गेला याचा आकडा त्यामुळे पार बदलतो, आणि त्सुनामीचा अंदाजही. कॅनरीतल्याच टेनेरिफे बेटाच्या इकोद कोसळण्याचा (सुमारे १,७०,००० वर्षांपूर्वीचा) प्रवाही थर बघितला तर तो एकसलग नाही. एकावर एक बसलेले उपथर आहेत आणि त्यांची काच वेगवेगळ्या रसायनाची आहे. म्हणजे डोंगर एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने गेला. प्रत्येक टप्प्याची लाट अर्थातच लहान.

पायरी ५ : आकड्यांची पट्टी

कोअरबरोबर चुंबकीय ग्रहणशीलतेचा (गाळ किती सहज चुंबकला जातो त्याचा) आलेख मिळतो, तो फोटोशेजारी चिकटवा. बेसाल्टच्या वाळूत मॅग्नेटाइटसारखी खनिजं असल्याने तिथे उंच शिखर येतं, चुन्याच्या गाळात रेघ शून्यालगत पडून राहते. बुडाशी एकदम उडी आणि वर सावकाश उतार, हा भरड-ते-बारीक थर. शेजारी नैसर्गिक गॅमाचा (गाळातून आपोआप निघणाऱ्या गॅमा किरणांचा) आलेख ठेवा. गॅमा जास्त आणि ग्रहणशीलता कमी असेल, तर पोटॅशियमने समृद्ध फिकट राख असण्याची शक्यता. कॅनरीच्या ट्रॅकाइट, फोनोलाइट या फिकट ज्वालामुखी खडकांमध्ये असं दिसतं. फोटोत न दिसणारा थरही इथे कधीकधी सापडतो. चिकणमातीनेही गॅमा वाढतो, एवढं लक्षात असू द्या.

पायरी ६ : स्मिअर स्लाइड

खरा निकाल इथे लागतो. साहित्य फारसं लागत नाही: काचपट्ट्या, कव्हर स्लिप, टूथपिक, ड्रॉपर, गरम तवली आणि ध्रुवीकरणाचा सूक्ष्मदर्शक. तो महाविद्यालयातच वापरावा लागेल.

टूथपिकच्या टोकावर मावेल इतकाच गाळ घ्या. ज्वारीच्या दाण्याएवढा घेतलात तरी जास्त झाला. काचपट्टीवर पाण्याच्या एका थेंबात तो पसरा, पट्टीवरून छापील अक्षरं वाचता येतील इतका पातळ. मंद आचेवर वाळवा, उकळू देऊ नका, नाहीतर बुडबुडे राहतात आणि ते पोकळ काचेसारखे दिसतात. वर कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाचा थेंब आणि कव्हर स्लिप. जहाजांवर अतिनील प्रकाशात घट्ट होणारा डिंक वापरतात, तो मिळाला तर जेल नेलपेंट सुकवायच्या दिव्याखाली काम भागतं.

पहिली परीक्षा: दोन्ही ध्रुवक आडवे, म्हणजे एकमेकांशी काटकोनात करून पट्टी फिरवा. काच सर्व दिशांनी काळीच राहते. फेल्डस्पार, ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही खनिजं उजळतात-मावळतात. चुन्याच्या सूक्ष्म जीवांच्या चकत्यांवर काळा क्रॉस दिसतो.

दुसरी परीक्षा: ध्रुवक काढून रंग आणि आकार. सिलिका जास्त असलेली काच बिनरंगी असते, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखी, वाकलेल्या पातळ पापुद्र्यांची किंवा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची. बेसाल्टची काच मधासारखी पिवळी ते तपकिरी, बहुधा ठोकळेवजा, कधी थेंबासारखी. त्यासोबत काळी अपारदर्शक काचही असते, ती बारीक स्फटिकांनी गच्च भरलेली. पाण्याशी भिडून चटकन थिजलेल्या काचेचे तुकडे कोपरेदार आणि बिनबुडबुड्यांचे, म्हणून पाण्याखालच्या उद्रेकाचा संशय तिथून सुरू करता येतो. कडेने नारिंगी-पिवळा पॅलॅगोनाइटचा काठ दिसला तर काच कुजायला लागली आहे. जुन्या गाळात ती पूर्ण कुजून हिरवट चिकणमाती होते.

तिसरी परीक्षा बेके रेषेची. कणाची कड नीट दिसेल असं फोकस करून मग कण आणि भिंग यांतलं अंतर किंचित वाढवा. कडेची उजळ रेघ ज्याचा अपवर्तनांक जास्त त्याच्याकडे सरकते. बाल्सम १.५४ च्या आसपास. रायोलाइटची (सिलिका जास्त असलेली) काच १.५० च्या आसपास, म्हणून रेघ कणाबाहेर जाते. बेसाल्टची १.५७ च्या वर, म्हणून रेघ कणात शिरते. रंग फसवा असला तरी ही रेघ सहसा फसवत नाही.

सगळ्यात जास्त गफलत होते ती रेडिओलॅरिया, डायॅटम या सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांची आणि स्पंजाच्या काड्यांची. त्यांचं ओपल, म्हणजे जीवांनी बनवलेली सिलिकाही बिनरंगी आणि आडव्या ध्रुवकांत काळंच. पण त्याचा अपवर्तनांक काचेहूनही कमी असल्याने कड खूप ठळक दिसते, आणि नीट पाहिलं तर जाळी, छिद्रं किंवा मधली नळी सापडते. वाकड्या पापुद्र्यावर नियमित छिद्रं दिसली तर ती राख नाही.

खऱ्या राखेवर हात बसवायचा असेल तर पुणे जिल्ह्यासारखी जागा नाही. जुन्नर तालुक्यात बोरीजवळ कुकडीच्या काठी आणि बारामती तालुक्यात मोरगावजवळ कऱ्हेच्या काठी ज्वालामुखीची राख आहे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, यावर अभ्यासकांचं बहुतेक एकमत आहे. ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याआधीच्या, यावर मात्र वाद आहे, कारण तिथेच अश्मयुगीन हत्यारंही मिळतात. टोबाच्या त्या महाउद्रेकाची राख हिंदी महासागराच्या तळावरच्या कोअरमध्येही सापडते. बोरीची राख नदीने गोळा करून जाड केलेली आहे, त्यामुळे ‘पडलेली’ आणि ‘वाहून साठलेली’ हा फरक तिथेही लागू होतो. पण फावडं घेऊन जाऊ नका. ही पुरातत्त्वाची जागा आहे. विभागाच्या संग्रहातली चिमूटभर राख मागून घेतली तर डझनभर स्लाइड होतात.

पायरी ७ : वय आणि रसायन, गरजेपुरतं

थराचं वय थरातून नाही, खालच्या-वरच्या संथ गाळातून काढायचं. प्रवाहाच्या चिखलात जुने सूक्ष्मजीवाश्म मिसळलेले असतात, त्यावरून काढलेलं वय जुनाट येतं. ढोबळ अंदाजाला साधी त्रैराशिकं पुरतात: चुन्याचा गाळ हजार वर्षांना दोन सेंटीमीटर साचत असेल आणि दोन थरांमध्ये ३० सेंटीमीटर असतील, तर मध्ये १५,००० वर्षं गेली. खोल लाल मातीत हा वेग हजार वर्षांना काही मिलिमीटरच असतो, म्हणून तिथे बोटभर अंतरही प्रचंड काळ असतो.

काचेचं रसायन इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनच्या झोताने कणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) एकेका कणाचं घ्यायचं. झोत पसरट आणि मंद ठेवायला सांगा, नाहीतर सोडियम पळून जातं. गंधकही मोजून घ्या. उघड्यावर किंवा उथळ पाण्यात फुटलेल्या लाव्हातून गंधक उडून जातं, खोल पाण्याच्या दाबाखाली थिजलेल्या काचेत ते टिकतं. वाळूचा कण पाण्यावर जन्मला की पाण्याखाली, हे यावरून कळायला मदत होते.

पायरी ८ : नोंद

नमुन्यादाखल एक नोंद देतो. ‘६२ ते ७१ सेंटीमीटर. काळी वाळू, मध्यम ते बारीक, वर बारीक होत जाते. खालची सीमा धारदार, असमान; खालच्या फिकट गाळाचे तुकडे आत. वरच्या ३ सेंटीमीटरमध्ये आडव्या रेषा. स्लाइड: तपकिरी काच, अपारदर्शक काच, ऑलिव्हिन, शिंपल्यांचे घासलेले तुकडे.’ इथे ओळ संपवायची. ‘प्रवाहाने आलेला, किनाऱ्यावर साठलेल्या मालाचा’ हे शेजारच्या वेगळ्या रकान्यात, आणि त्यापुढे खात्री किती ते: जास्त, मध्यम, कमी. ‘राख’ हा शब्द डाव्या रकान्यात आला तर तो फक्त २ मिलिमीटरहून बारीक ज्वालामुखीजन्य कण या अर्थाने. आभाळातून पडली की वाहत आली, ते उजवीकडे.

पायरी ९ : नमुना मागवणं

फोटोवर हात बसला की प्रत्यक्ष गाळ मागवता येतो. अटलांटिकचे कोअर जर्मनीत ब्रेमेनला आहेत, हिंदी महासागराचे जपानमध्ये कोचीला. १९८७ च्या ११५ व्या सफरीने मॅस्करीन पठार ते मालदीवच्या रांगेपर्यंत ड्रिलिंग केलं होतं, रियुनियनच्या वंशावळीत रस असेल तर तिथून सुरुवात करा. अर्ज मार्गदर्शकांच्या नावाने आणि विभागामार्फत पाठवलेला बरा. अर्जात पाटीचा पूर्ण क्रमांक, सेंटीमीटर, किती घनसेंटीमीटर हवेत आणि कशासाठी, हे प्रत्येक नमुन्यापुढे लिहायचं. स्लाइडसाठी चिमूट पुरते, सूक्ष्मजीवाश्मांसाठी दहाएक घनसेंटीमीटर. काळ्या थराच्या बुडाचा, मधला आणि माथ्याचा असे तीन नमुने मागा, आणि यादीत थराच्या लगेच खालचा आणि चिखलाच्या वरचा संथ गाळही घाला. ते दोन राहून गेले तर वयासाठी पुन्हा नवा अर्ज करावा लागतो.